कपाचा तळ पाहून घ्यावा : नॉर्डिक देशांतील खरेदीच्या जागा

हेलसिंकीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक वृद्ध बाई मांडणीवरचा प्रत्येक कप उचलून उलटा करत होत्या, तळावरचा शिक्का वाचत होत्या आणि मग तो कप एक तर टोपलीत टाकत होत्या किंवा जागच्या जागी परत ठेवत होत्या. त्यांचे पाहून मीही तसेच करू लागले. त्यानंतरच्या साडेतीन आठवड्यांत फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलँड या पाच देशांत मी जी काही खरेदी केली, तिला याच एका सवयीने वळण लावले. या देशांत सगळेच महाग आहे, अशी आपल्याकडच्या प्रवाशांची तक्रार असते आणि ती खरीही आहे. पण जी वस्तू जगात कुठेही मिळते तिच्यासाठी तिथे जास्त पैसे मोजणे आणि जी वस्तू तिथल्याच हातांनी, तिथल्याच मातीची किंवा लोकरीची घडवलेली आहे तिच्यासाठी पैसे मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण अशी की राजधान्यांच्या मुख्य रस्त्यांवर दोन्ही प्रकारच्या वस्तू एकाच काचेमागे, एकाच दिमाखात मांडलेल्या असतात.

अरेबिया हा चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना १८७३ मध्ये हेलसिंकीत सुरू झाला आणि शहराचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. फिनलंडमध्ये क्वचितच असे घर असेल जिथे अरेबियाची एखादी बशी नाही. मात्र हेलसिंकीतले उत्पादन २०१६ मध्ये थांबले आणि ते थायलंड व रुमानियाकडे गेले. म्हणजे आज मोठ्या दुकानातून नवा कप घेतला, तर रचना फिनलंडची असते आणि भट्टी दुसऱ्या देशातली. यात फसवणूक नाही, कारण कंपनीने हे लपवलेले नाही; पण प्रवासाची आठवण म्हणून वस्तू घेणाऱ्याला हा फरक ठाऊक असायला हवा. जुन्या वस्तूंच्या दुकानात मात्र ‘मेड इन फिनलंड’ असा शिक्का असलेले कप आणि बश्या नव्या कपाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतात. अरेबियाच्या रचनाकार उल्ला प्रोकोपे यांची तपकिरी झिलईची ‘रुस्का’ मालिका तर मला जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसली. तिचा प्रत्येक नग भट्टीतून थोड्या वेगळ्या छटेत निघतो आणि हातात घेतला की आपल्याकडच्या मातीच्या कुल्हडासारखा उबदार वाटतो.

इथे अरेबियाचेच रचनाकार ‘काय फ्रांक’ (Kaj Franck) यांचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. १९५३ मध्ये त्यांची ‘किल्ता’ ही मालिका बाजारात आली. त्या काळी भांड्यांचे मोठे संच विकत घेण्याची रीत होती. फ्रांक यांनी कोणतीही नक्षी नसलेली, एकरंगी, एकमेकांत बसणारी भांडी तयार केली, जी लागतील तशी सुटी घेता यावीत आणि वेगवेगळ्या रंगांची एकत्र मांडता यावीत. पुढे हीच कल्पना ‘तेमा’ या मालिकेत आली आणि ती आजही विकली जाते. प्रवाशासाठी याहून सोयीची भांडी कोणती असणार? संच पूर्ण करण्याचे ओझे नाही, एक पिवळी वाटी आणि एक निळी बशी घेऊन आपण निघू शकतो.

ही दुकाने शोधायची कशी, हे सांगितले पाहिजे. फिनलंडमध्ये ‘किर्पुतोरी’ अशी पाटी दिसली की आत जावे. यांतल्या बऱ्याच दुकानांत सामान्य माणसे आठवड्याच्या भाड्याने एक टेबल किंवा मांडणी घेतात, आपल्या घरातल्या नको असलेल्या वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावून ठेवतात आणि पैसे गल्ल्यावरची व्यक्ती घेते. घासाघीस करण्याची सोय तिथे नसते, कारण मालक समोर नसतोच. ‘किएर्रातुस्केस्कुस’ या नावाची पुनर्वापर केंद्रे राजधानी परिसरात आहेत; तिथे वस्तू लोकांनी दान केलेल्या असतात आणि किमती आणखी उतरतात. उन्हाळ्यात हेलसिंकीच्या हिएतालाहती चौकात उघड्यावर बाजार भरतो, तिथे मात्र विक्रेत्याशी बोलता येते आणि वस्तूची हकीकतही ऐकायला मिळते.

आपल्याकडे वापरलेली वस्तू विकत घेण्याबद्दल एक संकोच असतो. जुने कपडे बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेणे आपल्याला चालते, पण त्या कपड्यांचे पुढे काय होते याचा विचार आपण करत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातही बहुतेक लोक हत्यारे, सुटे भाग आणि पितळेची भांडी शोधायला जातात, घरच्या जेवणाची ताटे घ्यायला नव्हे. मला हा संकोच होता. तो त्या दुकानांची स्वच्छता पाहून गेला, आणि त्याहीपेक्षा तिथे कोण येते हे पाहून गेला. कार्यालयातून परस्पर आलेले मध्यमवयीन गृहस्थ, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, महाविद्यालयीन मुले, सगळे तिथे सहजपणे खरेदी करत होते. स्वीडनमध्ये अशा बाजारांना ‘लोप्पिस’ म्हणतात आणि ‘म्यूरोर्ना’ व ‘स्टाड्समिशोनेन’ या संस्थांची दुकाने तिथे जागोजागी आहेत. डेन्मार्कमध्ये ‘गेनब्रुग’ हा शब्द लक्षात ठेवावा आणि नॉर्वेत ‘फ्रेटेक्स’ हे नाव. एस्किल्स्टुना या गावात, स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर, २०१५ मध्ये ‘रेतुना’ नावाचे संपूर्ण व्यापारसंकुल केवळ दुरुस्त केलेल्या आणि पुन्हा वापरात आणलेल्या वस्तूंसाठी उघडले. लोक गाडीतून नको असलेले सामान शेजारच्या केंद्रावर उतरवतात, तिथे त्याची निवड होते आणि उपयोगी वस्तू दुकानांकडे जातात. केवळ खरेदीसाठी तिथपर्यंत जाण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण ही व्यवस्था कशी चालते हे पाहण्याची ज्यांना आवड आहे त्यांनी अर्धा दिवस जरूर द्यावा.

कोपनहेगनमध्ये तळ पाहण्याची सवय आणखी उपयोगी पडते. १७७५ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कोपनहेगनच्या भांड्यांच्या तळाशी तीन निळ्या लाटा असतात. डेन्मार्कमधल्या तीन सामुद्रधुन्यांच्या त्या खुणा आहेत. पांढऱ्यावर निळ्या नक्षीचे त्यांचे सर्वांत जुने चित्र अजूनही हाताने रंगवले जाते आणि जेवणाच्या एका ताटाला कुंचल्याचे ११९७ फटकारे लागतात, असे कंपनी सांगते. आमायरटोर्व चौकातले त्यांचे दुकान पाहण्यासारखे आहे आणि तिथे फुकट वेळ घालवण्यात काही गैर नाही. मात्र आता रंगकामाचा बराच भाग थायलंडमधील कारागीर करतात. जुना डॅनिश नग हवा असेल, तर नोरेब्रो भागातल्या राव्हन्सबोर्गगाडे या रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत जावे. तिथे एक बारकावा लक्षात ठेवावा : तीन लाटांवर आडवा ओरखडा काढलेला असेल, तर तो नग कारखान्यानेच दुय्यम प्रतीचा ठरवलेला आहे. दोष बहुधा डोळ्यांना दिसतही नाही, पण किंमत त्यानुसार कमी असायला हवी. दुकानदाराने ती आपणहून सांगितली नाही, तरी विचारल्यावर नाकारली जात नाही, असा माझा अनुभव आहे. स्ट्रॉयेट हा पादचारी रस्ता १९६२ पासून वाहनांसाठी बंद आहे आणि फिरायला उत्तम आहे. खरेदीसाठी मात्र तिथल्या बहुतेक दुकानांची नावे मुंबईतल्या कोणत्याही मॉलमध्ये दिसतात.

नवीच वस्तू घ्यायची असेल, तर ती ज्या गावात बनते तिथे जाऊन घेण्यासारखे समाधान नाही. फिनिश वास्तुकार आल्व्हार आल्टो यांची १९३६ सालची लाटांच्या आकाराची काचेची फुलदाणी आजही इट्टाला या गावातल्या काचकारखान्यात तोंडाने फुंकून घडवली जाते आणि हेलसिंकीहून ताम्पेरेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते गाव लागते. मारिमेक्को या फिनिश कापड-कंपनीचे ‘उनिक्को’ हे मोठ्या फुलांचे कापड माइया इसोला यांनी १९६४ मध्ये रचले. कंपनीचा छपाईचा कारखाना हेलसिंकीच्याच हेर्टोनिएमी भागात आहे आणि तिथे लागूनच उतरलेल्या किमतींचे दुकान आहे. तयार कपड्यांची शिलाई बहुतांशी अन्य देशांत होते, म्हणून माझा सल्ला असा की कपडे न घेता कापडाचा तुकडा घ्यावा. आपल्याकडचा शिंपी त्याचा पडदा, अभ्रा किंवा टेबलावरचा रुमाल उत्तम शिवतो, शिवाय कापड वजनाला हलके असते.

स्टॉकहोममध्ये मला सर्वांत भावलेले दुकान स्ट्रांडव्हेगन या किनारी रस्त्यावरचे ‘स्वेन्स्क्ट टेन’ हे आहे. एस्ट्रिड एरिक्सन या चित्रकला शिकवणाऱ्या तरुणीने १९२४ मध्ये जस्तासारख्या दिसणाऱ्या कथिलाच्या वस्तू विकण्यासाठी ते सुरू केले. नावाचा अर्थही ‘स्वीडिश कथील’ असाच आहे. १९३४ मध्ये व्हिएन्नाहून आलेले वास्तुकार योसेफ फ्रांक त्यांना येऊन मिळाले आणि वेली, पक्षी, फळे यांनी गच्च भरलेली त्यांची कापडे या दुकानाची ओळख बनली. साधेपणा म्हणजेच उत्तरेकडची अभिरुची, असे मानणाऱ्याने ही कापडे पाहावीत. १९७५ पासून दुकानाची मालकी एका प्रतिष्ठानाकडे आहे आणि नफा संशोधनासाठी दिला जातो. किमती फार आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका खुर्चीच्या किमतीत आपल्या घराचे अर्धे फर्निचर येईल. पण तीच नक्षी छापलेले लाकडी ट्रे आणि कागदी रुमालांची पाकिटेही तिथे मिळतात आणि मी एक लहान ट्रे घेतला. तो रोज वापरात आहे.

याच शहराच्या जुन्या भागात माझी एक चूक झाली. लाल रंगाचा, फुलांच्या नक्षीचा लाकडी घोडा ही स्वीडनची खूण आहे आणि तो दालार्ना प्रांतातल्या नुस्नेस या गावात घडतो. तिथल्या ओल्सन कुटुंबाच्या कार्यशाळा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून चालू आहेत आणि पाहुण्यांना कारागिरांचे काम जवळून पाहू देतात. मी मात्र गर्दीच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून घाईने दोन घोडे उचलले आणि रात्री खोलीवर येऊन तळ पाहिला, तेव्हा नुस्नेसचे नाव कुठेच नव्हते. कपाचा तळ पाहायला शिकलेल्या माणसाने घोड्याचे पोटही पाहायला हवे होते. खऱ्या घोड्यावर गावाचे आणि कार्यशाळेचे नाव असलेली चिठ्ठी असते. ती नसेल तर वस्तू परत ठेवावी.

लोकरीच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तिथे रक्कम मोठी असते. आइसलँडच्या मेंढ्या हजार वर्षांहून अधिक काळ जवळजवळ कोणत्याही परकीय जातीशी संकर न होता वाढल्या आहेत आणि त्यांच्या लोकरीला दोन थर असतात : बाहेरचा लांब आणि पाणी झटकणारा ‘टोग’, आतला मऊ आणि ऊब धरणारा ‘थेल’. दोन्ही एकत्र ठेवून फारसा पीळ न देता जो धागा निघतो तो ‘लोपी’, आणि गळ्याभोवती गोलाकार नक्षी असलेला स्वेटर म्हणजे ‘लोपापेइसा’. रेक्याविकमध्ये हॉलग्रिम्सकिर्क्या चर्चकडे जाणाऱ्या स्कोलावोर्दुस्तीगुर या रस्त्यावर हातविणकरांच्या संघाचे दुकान आहे. १९७७ मध्ये विणकाम करणाऱ्या स्त्रियांनी हा संघ उभा केला, आपल्या मालाला योग्य दाम मिळावे म्हणून. संपूर्ण प्रवासात मी ज्या एका दुकानाची निःशंक शिफारस करेन ते हे. छतापर्यंत रचलेले स्वेटर, आकारानुसार आणि रंगानुसार लावलेले, आणि प्रत्येक नग कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी हातांनी विणलेला. त्याच शहरातल्या अन्य दुकानांत आइसलँडची लोकर बाहेरच्या देशात पाठवून तिथे विणून आणलेले स्वेटरही असतात. दिसायला ते सारखेच असतात, म्हणून ‘हा स्वेटर कुठे विणला?’ हे विचारायला संकोचू नये. नवा स्वेटर परवडत नसेल, तर बंदराजवळ शनिवारी-रविवारी भरणाऱ्या ‘कोलापोर्तिद’ या बाजारात वापरलेले स्वेटर मिळतात आणि चांगली लोकर वापराने अधिक मऊ होत जाते.

परंतु पुण्या-मुंबईच्या हवेत हा स्वेटर घालण्याची वेळ किती वेळा येणार, हा विचार प्रामाणिकपणे करावा. पहिल्या दिवशी तो अंगाला टोचतो, हेही खरे. ज्यांच्या घरात विणणारी आई, मावशी किंवा आत्या आहे त्यांनी स्वेटरऐवजी धागा आणावा, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. ‘लेत्तलोपी’ या हलक्या धाग्याची पन्नास ग्रॅमची गुंडी मिळते, रंगांची निवड अफाट असते आणि किंमत स्वेटरच्या मानाने अगदी थोडी. मी बारा गुंड्या आणल्या. मावशीने त्यातून तीन टोप्या आणि एक शाल विणली, आणि उरलेल्या धाग्यासाठी माझी चुलत बहीण आता सुया धरायला शिकते आहे.

नॉर्वेत ‘हुसफ्लिदेन’ हे नाव शोधावे. ओस्लोमधली ही संस्था १८९१ पासून घरगुती हस्तकलेची विक्री करते. सेल्बू गावच्या आठ पाकळ्यांच्या चांदणीचे काळे-पांढरे हातमोजे तिथे घ्यावेत. १८५७ च्या सुमारास मारित एमस्ताद या तरुण मुलीने ही नक्षी प्रथम विणली असे सांगतात. हातमोजे पिशवीच्या एका कोपऱ्यात मावतात आणि हिमालयात कधी जाणे झाले तर उपयोगी पडतात. १८७९ मध्ये सुरू झालेल्या ‘डाले ऑफ नॉर्वे’चा कारखाना बर्गनजवळच्या डाले गावात आहे आणि बर्गनच्या रेल्वेने जाणाऱ्यांना तिथे उतरता येते. एक सूचना मात्र आधीच देते : नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, लहान किराणा दुकानांसारखे काही अपवाद सोडले तर, म्हणून खरेदीचा दिवस रविवारी येणार नाही याची काळजी कार्यक्रम आखतानाच घ्यावी.

उत्तरेकडे, लॅपलँडच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द अधिक लिहायला हवेत. सामी हे तिथले मूळ रहिवासी आणि त्यांच्या हस्तकलेला ‘दुओजी’ म्हणतात : बर्च लाकडाच्या गाठीतून कोरलेले पेले, रेनडिअरच्या शिंगाच्या मुठी, कथिलाच्या बारीक तारेने भरलेल्या कातडी पट्ट्या, मुळांच्या विणलेल्या टोपल्या. सामी पोशाखाची नक्कल करणाऱ्या स्वस्त टोप्या पर्यटकांच्या दुकानांत टांगलेल्या असतात आणि त्या सामी समाजाला मनापासून दुखावतात, कारण त्यांच्या पोशाखावरून घराणे आणि गाव ओळखले जाते. आपल्या आजीची नऊवारी कोणी जत्रेतले सोंग म्हणून विकावी तसे ते आहे. अस्सल वस्तूवर ‘सामी दुओजी’ अशी गोल खूण असते, ती पाहूनच घ्यावे. स्वीडनमधल्या योकमोक गावी १६०५ पासून दरवर्षी भरणारा हिवाळी बाजार फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो. कातडे किंवा शिंग ज्यांना नको असेल त्यांनी मुळांच्या टोपल्या आणि लाकडी पेले पाहावेत.

भेट म्हणून वाटायच्या वस्तू मी सगळ्या किराणा दुकानांतून घेतल्या. आइसलँडमध्ये गुलाबी डुकराचे चित्र असलेले ‘बोनुस’, नॉर्वेत ‘रेमा १०००’ आणि ‘किवी’, स्वीडनमध्ये ‘विलीस’, डेन्मार्कमध्ये ‘नेट्टो’ ही तुलनेने स्वस्त दुकाने. राय धान्याची कुरकुरीत पातळ भाकरी, जिला स्वीडिश लोक ‘क्नेकेब्रोद’ म्हणतात, कडक भाकरीसारखी दीर्घकाळ टिकते आणि तूप लावून खाल्ली तर आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. तिथली जाडसर कुटलेली वेलचीही आणावी, असे म्हटले तर हसू येईल, पण गोड पावात ती ज्या प्रमाणात पडते ते पाहिल्यावर त्या लोकांचे वेलचीवरचे प्रेम पटते. शाकाहारी वाचकांनी गोळ्या-मिठाई घेताना घटकांची यादी वाचावी : ‘जेलाटिन’ हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांत ओळखू येतो, फिनिशमध्ये मात्र त्याला ‘लीवाते’ म्हणतात आणि तो सहज नजरेतून सुटतो. बाटलीबंद पेयांच्या किमतीवर अनामत रक्कम लागते; रिकामी बाटली, बहुतेक देशांत दुकानातल्याच यंत्रात, टाकली की ती रक्कम परत मिळते.

पैशांच्या बाबतीत गोंधळ होतो तो ‘क्रोन’ या नावामुळे. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँड या चौघांचे चलन वेगळे, मूल्य वेगळे, पण किंमतपट्टीवरची खूण एकच, फिनलंडमध्ये युरो. स्वीडनमध्ये अनेक दुकाने रोख रक्कम घेतच नाहीत, म्हणून कार्ड हवेच. किमतीत मोठा कर मिळवलेला असतो, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये २५ टक्के, फिनलंडमध्ये सप्टेंबर २०२४ पासून २५.५ टक्के, आणि युरोपबाहेरच्या रहिवाशाला त्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी पारपत्र दाखवून दुकानातूनच अर्ज घ्यावा लागतो. एका पावतीवर किमान रक्कम असावी लागते, उदाहरणार्थ फिनलंडमध्ये ४० युरो आणि नॉर्वेत ३१५ क्रोनर. नॉर्वे युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथल्या खरेदीचे सोपस्कार नॉर्वे सोडतानाच पूर्ण करावे लागतात. फिनलंड, स्वीडन आणि डेन्मार्कच्या खरेदीचे सोपस्कार युरोपीय संघातून शेवटचे बाहेर पडताना. वस्तू वापरलेली नसावी आणि दाखवता यावी, म्हणून त्या बॅगेत सर्वांत वर ठेवाव्यात. दानाच्या वस्तूंच्या दुकानांत ही सवलत सहसा नसते आणि तिथल्या किमती पाहता तिची गरजही भासत नाही.

हेलसिंकी-स्टॉकहोम रात्रीच्या जहाजावर करमुक्त दुकान असते. हे जहाज मधे ओलांड बेटांवर थांबते, आणि ती बेटे युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर असल्यामुळेच ही विक्री शक्य होते. तिथे मुख्यतः मद्य, अत्तरे आणि चॉकलेटे आहेत. मी अर्धा तास फिरून रिकाम्या हाताने वर डेकवर गेले आणि बेटांमधून जाणारा तो उजेडी रात्रीचा मार्ग पाहत बसले.

परतीच्या आदल्या रात्री मी रुस्काचे चार कप हातमोज्यांत आणि लोपीच्या गुंड्यांच्या मधोमध बसवले आणि ती पिशवी विमानात जवळच ठेवली. चारही कप अखंड पोचले. आईने चहा ओतण्याआधी एक कप उचलला, उलटा केला आणि विचारले, ‘‘हे खाली काय लिहिले आहे गं?’’